नेर ते यवतमाळ

नेर मागं पडलं आणि गाडीत संघदीपला फोन आला. माय गेली. पुढं त्याचा धाकटा भाऊ अश्वजित सायकल मारत होता. सहाशे किलोमीटरच्या शर्यतीतले शेवटचे तीस उरले होते. गाडी अश्वजितची बायको मोनाली चालवत होती. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "यवतमाळले पोचल्यावर सांगू."

कालपासून संघदीप गाडीवरच्या भोंग्यातून ओरडत होता, "अबे गधड्या, झोपला का बे?" त्याशिवाय अश्वजितच्या पायात जोर येत नसे.

आता त्यानं भोंग्याचा माइक तोंडाशी धरला. "पाणी पे, बाबू. चाल आरामात."

अश्वजितनं मागं वळून पाहिलं नाही.

यवतमाळला त्यानं शेवटची रेघ ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मात्र उतरला नाही, मैदानाला चकरा मारत राहिला. संघदीप सायकलीच्या बाजूनं धावू लागला.

"थांब ना आता. संपली शर्यत."



"नेरपासून तू मले एक शिवी नाही देल्ली, दादा. मी थांबलो तर तू सांगशील."