कारणाचा रकाना

सात देशांत धंदे असलेल्या एका विलायती साहेबानं वणीजवळचा कोळशाचा डेपो विकत घेतला. डेपोच्या धुळीनं माणसं मरतात म्हणून तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं, लोकांनी कोर्टात खेचलं. मग त्यानं डेपोसमोरच मोफत दवाखाना उभारला आणि दोन वर्षांनी त्या दवाखान्याचीच कागदपत्रं कोर्टापुढे ठेवली. त्यांत धुळीचा एकही रोगी नव्हता.

त्या दवाखान्यात केसपेपर लिहायला आरिफा होती. खोकत कोणीही येवो, आजाराचं कारण 'बिडी' एवढंच लिहायचं, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घर तिच्याच पगारावर चालायचं. ती मुकाट्यानं लिहायची.

आज रांगेतून तिचे अब्बाच पुढे आले. वीस वर्षं त्या डेपोत ट्रक दुरुस्त करणारे मन्सूर मिस्त्री, उभ्या जन्मात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेले. रुमालात काळं थुंकून म्हणाले, "लिही बेटा, तुले त सारं माहीतच हाय."

आरिफाच्या पाठीशी सुपरवायझर उभा होता. तिनं मान वर केली नाही.

"अब्बा, बिडी कवापासून ओढता?"