सातच मजले

रामवाडीतल्या त्यांच्या गल्लीमागे मोठी मोकळी जागा होती. तिच्या पार पलीकडे, रस्त्याला लागून चौदा मजल्यांचा टॉवर येणार म्हटल्यावर मैना चवताळून उठली. तिचा नवरा गुणाजी अर्धांगवायूने खाटेला खिळलेला. त्याची मान वळायची ती फक्त खिडकीकडे. मोकळ्या जागेवरचं ऊन आणि जाणारी-येणारी माणसं बघत तो दिवस काढायचा. टॉवरने ते ऊनही अडवलं तर याने बघायचं काय, या धास्तीने तिने सगळी गल्ली गोळा केली आणि नगरपालिकेच्या सुनावणीत उभी राहिली.

"आमच्या बैठ्या घरांच्या डोक्यावर चौदा मजले नाय चालायचे. सातच्या वर एक मजला नको!"

तिचं म्हणणं मान्य झालं. गल्लीने तिला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

महिन्याभरात बिल्डरचा इंजिनिअर तिच्या खिडकीखाली चुन्याच्या रेघा मारून घेऊ लागला. मैना धावत बाहेर आली.

"इथं काय करताय? टॉवर तर तिकडं रस्त्याला हाय ना?"

"तो होणारच, काकू, सात मजल्यांचा. पण फ्लॅट तेवढेच बसवायचेत. उरलेल्या सात मजल्यांची दुसरी इमारत इथं येईल."

मैनाने मागे वळून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नवीन दिसतंय म्हणून गुणाजी त्या पांढऱ्या रेघांकडे कौतुकाने बघत होता.

तिने इंजिनिअरचे दोन्ही हात धरले.

 

"दादा, पाया पडते तुमच्या. चौदाच करा."