एकच रेघ

"सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, मग छातीत..." नमिता सांगू लागली. बाबा गेल्यापासूनच्या पाच दिवसांत वाक्यांचा क्रम ठरून गेला होता.

"माहीत आहे ताई," दारातली मुलगी म्हणाली. "मी ज्योत्स्ना. रोहण्याहून आली. बारावी झाली माझी. इथंच सरजवळ गणित शिकत होती मी, माझा फारम त्यायच्याजवळ होता."

आतून शकुंतलाआत्या म्हणाली, "बापूराव गेला तरी त्याची शाळा काही सुटत नाई. पोरी, आजच सुचलं का तुले?"

"आज शेवटची तारीख आहे आत्याबाई. पाचच्या आत वर्ध्याले द्यायचा आहे."

फॉर्म टेबलाच्या खणात सापडला. मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज. ज्योत्स्नाने आपला भाग भरलेला होता. 'शिक्षकाची शिफारस' ही चौकट कोरी होती.

"तुझ्या शाळेतलं कोणी?"

"सुट्ट्या आहेत. मॅडम गावाले गेल्या, फोन नाई उचलून राह्यल्या. तुम्ही पन शिकवता ना ताई, नागपूरले? कोन्याही शिक्षकाची चालते."

"मी तुला ओळखत नाही गं."

ज्योत्स्नाने पिशवीत हात घातला. मग म्हणाली, "हॉस्टेल नाई भेटलं तर बाबा कॉलेजले नाई पाठवत. रोजचं येनं-जानं नाई जमत." तिने पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. "एवढं पाहून घ्या. मग नाई म्हना."

वहीत फक्त चुकलेली गणितं होती. प्रत्येक चुकीवर एक आडवी रेघ, खाली बरोबर उत्तर, समासात तारीख. ३ ऑक्टोबर, चिन्ह विसरली. १२ ऑक्टोबर, चिन्ह विसरली. २० ऑक्टोबर, पुन्हा चिन्हच. ४ नोव्हेंबर, आठवलं. तिथे लाल पेनाची बारीकशी खूण होती. ती खूण नमिताच्या ओळखीची होती. तिने पानं उलटली. काही वाटतं का, याची वाट पाहिली. मग वही मिटली आणि पेन घेतला.

'ही विद्यार्थिनी स्वतःच्या चुका लपवत नाही,' तिने लिहिलं. आणखी दोन ओळी लिहिल्या. सही केली.

आत्या दारात येऊन उभी राहिली. "सुतकात सही-बिही काऊन करून राह्यली तू?"

"बाबांचंच राहिलेलं काम आहे आत्या."

आत्या आत गेली. मुलीसाठी पाणी घेऊन आली.

शेवटचा रकाना होता, 'विद्यार्थिनीस आपण कसे ओळखता?' नमिताने न थांबता लिहिलं, 'माझे वडील हिला शिकवतात.' फॉर्म पुढे केला.

ज्योत्स्नाने वाचला. पुन्हा वाचला. "ताई..." म्हणाली आणि त्या ओळीजवळ बोट ठेवलं.

नमिताने पाहिलं. ती उठली, खण उघडला, बाजूचा उघडला. पेनं, पट्ट्या, खडूंचा डबा. व्हाइटनर नव्हता. या घरात तो कधीच नव्हता.

"कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल," ती म्हणाली. "आणते मी."

"व्हाइटनर नका लावू ताई." ज्योत्स्नाने पट्टी उचलून तिच्यासमोर धरली. "एकच रेघ मारा. बाजूले सही करा. चालते तसं."

"बरं दिसेल का?"

"दिसू द्या ना. चुकलेलं वाचता आलं पायजे."

नमिताने पट्टी ठेवून रेघ मारली. वर लिहिलं, 'शिकवत होते.' बाजूला सही केली. ज्योत्स्नाने शाईवर फुंकर घातली, भांड्यातलं पाणी संपवलं, घड्याळ पाहिलं. अडीचची बस होती.

फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत जाईपर्यंत नमिता त्याच्याकडे बघत होती. रेघ सरळ आली होती. तिच्याखालचं 'शिकवतात' स्वच्छ वाचता येत होतं.