श्रुतलेखन

"देव ही माणसाच्या मेंदूनं केलेली सर्वांत मोठी चूक आहे," निवृत्त मास्तरांनी कप बशीत ठेवत जाहीर केलं. वाक्य वजनदार होतं, दगडात कोरून ठेवावं असं.

"हे तुम्ही मघाशी सांगितलंत," बायको म्हणाली. "पहिल्या चहाच्या वेळी."

मास्तर थबकले. पहिला चहा त्यांना आठवत नव्हता. ते जरा खोकले. "महत्त्वाचं विधान दोनदा करायचं असतं. वर्गात मी तीनदा करायचो."

"वर्गात दरवेळी डाव्या हातानं चहा करून द्यावा लागत नव्हता कुणाला."

तिचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. काल संध्याकाळी ती बाथरूममध्ये घसरली होती. हाडाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. काळजी वहीची होती. एकोणतीस वर्षं ती रोज सकाळी देवाला चार ओळी लिहीत आली होती. तापात लिहिल्या, लेकीच्या बाळंतपणात लिहिल्या, घर बदललं त्या दिवशी सामानाच्या ट्रकमध्ये बसून लिहिल्या. आज पहिला खाडा पडणार होता.

"तुम्ही लिहा," तिनं वही पुढे सरकवली. "मी सांगते."

"मी? देवाला?"

"विश्वास ठेवा असं कुठे म्हणतेय? अक्षर द्या, बास."

अक्षर मागितलं की मास्तरांना नाही म्हणता येत नसे. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना श्रुतलेखन घातलं होतं; स्वतः घ्यायची ही पहिलीच वेळ. सवयीनं त्यांनी खिशातलं लाल पेन चाचपलं. नव्हतं. परवापासून नव्हतं. बायकोला विचारता आलं असतं, पण विचारलं म्हणजे विसरलो हे कबूल झालं. त्यांनी निळं पेन घेतलं.

"लिहा. देवा, हात मोडला. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे. ठीक आहे."

त्यांनी लिहिलं. तिनं मान वाकडी करून पाहिलं.

"ठीकला पहिली वेलांटी द्या."

"दुसरी. शब्द दीर्घ आहे."

"माझा ऱ्हस्व आहे. एकोणतीस वर्षं ऱ्हस्वच आहे. आज एकदम दीर्घ दिसला, तर त्याला वाटेल भलतंच कुणी लिहितंय."

"सगळं जाणतो म्हणतेस, आणि वेलांटीनं फसतो?"

"फसतो कशाला? मला ओळखतो तो. वेलांटीवरून."

ज्या हातानं एका वेलांटीपायी आधी एका विद्यार्थ्याचे आणि पुढे त्याच्या मुलाचेही मार्क कापले होते, त्या हातानं मास्तरांनी दीर्घ खोडून ऱ्हस्व केला. आभाळ कोसळलं नाही. खालून कचऱ्याची गाडी तेवढी गेली.

"पुढे," बायको म्हणाली. आता ती खिडकीकडे बघत होती. "ह्यांची आठवण शाबूत राहू दे. दोन्ही उकार पहिले. जास्त मागत नाही. आहे तेवढी राहू दे."

पेन थांबलं.

"आणि मला कळलंय, हे ह्यांना कळू देऊ नकोस."

"अगं," मास्तर म्हणाले, "हे मी लिहायचं?"

"रोजची ओळ आहे. तीन महिने झाले. तुम्ही लिहिताय म्हणून आज गाळली, तर त्याला वाटेल प्रकरण मिटलं."

मास्तरांनी मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. शाबुत. शाबुत. शाबुत. इतक्या निष्ठेनं एकच चूक करणारा विद्यार्थी त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. तीन महिने मास्तर एखादं नाव आठवलं नाही की खोकत होते. घरात खोकल्याचं औषध का येत नव्हतं, ते आता कळलं.

ते आजच्या पानावर परतले. शाबुत, पहिला उकार. राहु, पहिला उकार. अक्षर सुरेख आलं.

"झालं माझं," ती म्हणाली. "मिटा वही."

"खाली जागा उरलीय."

"मग?"

"कागद फुकट घालवू नये."

परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून मुलं करतात तसा डाव्या हाताचा आडोसा करून मास्तर बराच वेळ लिहीत राहिले. मग वही तिच्याकडे फिरवली. तिनं मोठ्यानं वाचलं:

"महोदय, वरील मजकुरातील अशुद्धलेखन माझे नाही, याची नोंद व्हावी. मागणी मात्र दोघांची समजावी. तसेच, माझे लाल पेन सापडत नाही. आढळल्यास कळवावे. आपला विश्वासू."

शेवटचा शब्द तिनं परत एकदा वाचला. "विश्वासू?"

"पत्राच्या शेवटी तसं लिहायची पद्धत आहे. उगाच अर्थ काढू नकोस."

"नाही काढत." तिनं डाव्या हातानं वही मिटली. "लाल पेन फ्रिजमध्ये आहे. लोण्याच्या डब्याशेजारी. परवापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलंत कुठे?"

मास्तरांनी खोकायला तोंड उघडलं. खोकला काही आला नाही.

"विसरलो होतो," ते म्हणाले.

"हं," ती म्हणाली. "फ्रिज उघडताच आहात, तर दूधही काढा. तिसरा चहा तुम्ही टाका."