खिडकीसमोर लावलेली गाडी

वीस दिवसांच्या बाळाला वॉर्डात सोडत नाहीत, आणि बाबांकडे आता फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून मी हॉस्पिटलच्या मागच्या आवारात, बरोबर त्यांच्या खिडकीसमोर गाडी लावली आणि फोन स्पीकरवर टाकला. नर्सने त्यांना व्हीलचेअरवरून पहिल्या मजल्याच्या खिडकीशी आणलं.

"ड्राइव्ह-इन सिनेमासारखंच झालं की गं, चिमणे," फोनमधून बाबा म्हणाले. "चित्र तिकडे लांब, आवाज आपल्या गाडीत. काचेला तो स्पीकरचा डबा अडकवायचो, आठवतं?"

"आणि तुम्ही मला टपावर बसवायचात. आई ओरडायची, पत्रा दबेल म्हणून."

"दबलाच होता! गाडी विकेपर्यंत तुझ्या बुडाचा खळगा होता त्यावर." हसता हसता त्यांना धाप लागली. "बरं, आता नात दाखव. तिला बघायचं म्हणून तर जीव धरून बसलोय."

मी फोन बॉनेटवर ठेवला आणि दोन्ही हातांनी बाळाला उंच धरलं.

"टोपी काढ की तिची. नीट बघू दे."

मी टोपी काढली.

"अरे वा! कसलं दाट जावळ आहे गं! पार तुझ्यावर गेलीये."

बाळाच्या डोक्यावर नावालाही केस नव्हता. खिडकीत बाबा हसत होते, आमच्यापासून कितीतरी डावीकडे, कंपाउंडच्या कोऱ्या भिंतीकडे बघत.

"हो ना, बाबा," मी म्हणाले, आणि तिला आणखी उंच धरलं.