पाच प्रोग्रामर

"या शर्टाची वरची गुंडी लागत नाय," मंगळू म्हणाला.

"मग उघडीच ठेव. प्रोग्रामर लोक तसेच फिरतात," असं म्हणत चंदरनं त्याच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं. त्यावर नाव भलत्याच कुणाचं होतं.

संघरत्ना आपल्या संगणकासमोर बसून हे बघत होती. शहापूरच्या त्या सरकारी कार्यालयात खरी प्रोग्रामर ती एकटीच. ज्या कंपनीला सरकारनं काम ठेक्यानं दिलं होतं, ती मात्र पहिल्या दिवसापासून पाच जणांचं बिल लावत होती. चंदर हा कंपनीचा सुपरवायझर. आज तपासणीला साहेब येणार म्हणून उरलेले चार प्रोग्रामर त्यानं सकाळी नाक्यावरून गोळा करून आणले होते. मंगळू टमटम चालवायचा. एकाचं कोंबड्यांचं दुकान होतं आणि दोघं गवंड्याच्या हाताखाली काम करणारे. चौघंही आंघोळ करून आले होते, एवढंच काय ते कौतुक.

तिला किळस आली. त्या चौघांची नाही. ते बिचारे पोटासाठी आले होते. किळस आली ती चंदरच्या मिशीतल्या मिशीत हसण्याची.

काम जमिनीचे उतारे संगणकावर आणायचं होतं. कंपनीनं दिलेल्या प्रोग्राममध्ये खोट होती. एका जमिनीला वारस जास्त असले की शेवटची नावं छापलीच जात नसत. रखमी नावाची म्हातारी तानशाकडच्या पाड्यावरून पुनःपुन्हा यायची आणि विचारायची, "माझा नाव कुठं गेला गो?" पाच जण असते तर ते कधीच दुरुस्त झालं असतं. एकटीला रोजचेच उतारे उरकत नव्हते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत.

आणि आज तर सगळंच पणाला लागलं होतं. तालुक्यासाठी प्रोग्रामरच्या दोन कायम जागा मंजूर झाल्या होत्या, त्यातली एक राखीव. संघरत्नानं अर्ज केला होता; तिचं वय त्यात बसायचं हे शेवटचंच वर्ष. तपासणीत सगळं ठीक निघालं तर ठेका वाढणार आणि त्या जागा रद्द होणार. ठेक्यात कसली आलीय राखीव जागा!

"तू काय बोलू नको," चंदर तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला. "विचारलं तर येस सर म्हण. बाकी मी बघतो."

"आणि नाय म्हटलं तर?"

"तर उद्यापासून मुरबाडला घरी बस. तुज्यासारख्या छप्पन्न मिळतात."

साहेब आले. कोट, टाय, कुरकुरणारे नवे बूट. माणूस मितभाषी होता. चहा नको म्हणाला, खुर्ची नको म्हणाला. मागे हात बांधून प्रत्येक संगणकापाशी थांबला, पडद्याकडे बारीक डोळे करून बघत राहिला. मध्येच वीज गेली आणि यूपीएस ओरडायला लागला, तेव्हा मात्र तो दचकून दोन पावलं मागे सरला. असल्या ढिसाळपणाची त्याला सवय नसावी, असं संघरत्नाला वाटलं.

मग त्यानं खिशातून कागद काढला आणि सावकाश, एकेक शब्द तोलून मंगळूला विचारलं, "आपण कुठल्या लँग्वेजमध्ये काम करता?"

"मराठीत, साहेब," मंगळू म्हणाला. "हिंदीपण येते."

चंदरचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "छान," एवढंच म्हणून ते पुढच्या टेबलाकडे वळले.

संघरत्ना खुर्चीत सरळ होऊन बसली. याला कळलं! पक्का माणूस आहे, सगळं मनात टिपून घेतोय, तोंडावर काही दाखवत नाही. इतक्या दिवसांत कोणीतरी एक शहाणा या खोलीत आला होता.

चंदर जेवणाची ताटं कुठवर आली ते बघायला खाली धावला. साहेब व्हरांड्यात एकटेच उभे होते. शेंडी तुटो की पारंबी तुटो, असं म्हणून ती उठली.

"सर, हे सगळं खोटं आहे," तिनं एका दमात सांगितलं. बाकीचे चौघं कोण, पैसा कुणाच्या नावावर उचलला जातो, म्हातारीचं नाव का छापलं जात नाही, काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही. "माझी नोकरी गेली तरी चालेल. पण तुम्ही हे लिहा. तुमच्याशिवाय लिहिणारं कुणी नाही, सर."

साहेबांनी जिन्याकडे बघितलं. टाय सैल केला. मग तिच्याजवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, मला सांगून काय होनार? तपासणीपण ठेक्यानंच दिलीय. मी टोकावड्याला रस्त्यावर मक्याची कणसं भाजतो."