मुंगी चावल्यासारखं

लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणाऱ्या माणसाला सुईचं काय कौतुक! त्याच्या म्हाताऱ्या, दुखण्याने बेजार झालेल्या कुत्र्याला, ढब्बूला, कायमचं झोपवायला डॉक्टर घरी आले, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "तू आत जा, तुला बघवणार नाही. मी आहे ना." वर डॉक्टरांनाही ऐकवलं, "शीर मी धरतो. तान्ह्या पोरांना टोचलंय या हातांनी." ढब्बूचा पंजा हातात घेऊन त्याने रोजच्या सवयीने म्हटलं, "घाबरायचं नाही हं, मुंगी चावल्यासारखं वाटेल." डॉक्टरांनी सुईचं टोपण काढलं आणि आमचे साहेब धाडकन आडवे!

शुद्धीवर आला तर तोंडावरून ओली जीभ फिरत होती. कित्येक दिवस जागचा न हललेला ढब्बू अंग ओढत येऊन त्याला चाटत होता. बायको पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसली होती.

"झाली ना माझी शोभा," तो पुटपुटला.

"ते राहू द्या," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी उठून बसा आणि जरा हसा. तुमची काळजी मिटल्याशिवाय तो काही झोपायचा नाही."